रहाट, डोण आणि महाधमनी

गुहागरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत आता विजेचे पंप आहेत. पण साठी ओलांडलेल्या अनेकांच्या कानांत रहाटाची कुरकुर अजून आहे. लोट्यांची माळ विहिरीत उतरायची, भरून वर यायची आणि एकेक लोटा पन्हळीत उपडा व्हायचा. पाणी यायचं ते धक्क्याधक्क्यानं. भसकन एक लोटा, मग क्षणभर काही नाही, मग पुढचा. पन्हळीखालच्या दगडी डोणीत ते जमायचं आणि तिथून पाटात उतरेपर्यंत त्याची संथ, अखंड धार झालेली असायची. वाडीच्या टोकाला असलेल्या पोफळीच्या आळ्यात पाणी पोचायचं तेव्हा ते धक्क्यानं वर आलेलं आहे, याची खूणही उरत नसे.

आपल्या छातीत हेच चाललेलं असतं. हृदयाची डावी जवनिका, म्हणजे खालचा डावा कप्पा, एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले तर पाच लिटर आणि दिवसाला सात हजार लिटर. घराच्या छपरावर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तशा सात टाक्या रोज उपसायच्या. त्यासाठी दिवसाला एक लाख ठोके पडतात. जवनिकेतून निघालेलं रक्त पहिल्यांदा येतं ते महाधमनीत. अंगठ्याएवढी जाड ही नळी हृदयातून वर निघते, काठीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला धरून पोटापर्यंत उतरते. ही झाली आपली डोण.

फरक एवढाच, की दगडी डोण ताठ असते आणि महाधमनी ताणली जाते. छातीतल्या महाधमनीच्या भिंतीत लवचीक तंतूंचे पन्नासएक थर एकावर एक बसलेले असतात. ठोका पडला की ती फुगते आणि आलेल्या रक्तातला मोठा वाटा स्वतःत सामावून घेते. हृदय विसावलं की ती आपली आपण आकसते आणि धरून ठेवलेलं रक्त पुढे रेटते. म्हणून दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही मेंदूकडे, मूत्रपिंडांकडे आणि बोटांच्या टोकांपर्यंत रक्त वाहत राहतं. डॉक्टर कागदावर १२०/८० लिहितात, त्यातला वरचा आकडा हृदयाच्या ढकलण्याचा आणि खालचा आकडा विसाव्याच्या वेळी या भिंतींनी टिकवून धरलेल्या दाबाचा.

हे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतात, त्यामुळे त्यांचं वजन आपल्याला जाणवत नाही. ते पाण्यात मोजून पाहावेत. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. तेव्हा १२०चा दाब म्हणजे १६३ सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ, साधारण माणसाच्या उंचीएवढा. १८०चा दाब म्हणजे जवळजवळ अडीच मीटर, घराच्या दारापेक्षाही उंच. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या धर्मगुरूनं घोडीच्या धमनीला उभी काचेची नळी जोडून रक्त किती चढतं ते पाहिलं होतं. ते आठ फुटांच्याही वर गेलं. १७३३ साली त्यानं ही नोंद छापली आणि रक्ताला दाब असतो हे जगाला पहिल्यांदा आकड्यात कळलं.

आता हृदयाच्या बाजूनं विचार करा. जवनिका आणि महाधमनी यांच्यामध्ये एक झडप आहे. जवनिकेतला दाब महाधमनीतल्या दाबापेक्षा जास्त झाल्याशिवाय ती उघडत नाही. म्हणजे धमन्यांतला दाब वाढला की प्रत्येक ठोक्याला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, आणि हे दिवसाला लाख वेळा, झोपेतसुद्धा. विहीर खोल गेली की रहाट ओढणाऱ्या बैलाचे हाल होतात. तो बैल निदान दुपारी सुटतो. हृदयाला सुट्टी नाही.

जास्त काम पडलं की स्नायू जाड होतो आणि हृदयाचा स्नायूही त्याला अपवाद नाही. जवनिकेची भिंत सुमारे एक सेंटिमीटर जाड असते, ती वर्षानुवर्षांच्या ताणानं वाढत जाते. माझ्या वडिलांच्या इको तपासणीच्या कागदावर हा आकडा १४ मिलिमीटर होता. तो पाहून ते म्हणाले, "म्हणजे माझं काळीज मजबूत आहे की!" मलाही त्या वेळी खात्रीनं काही सांगता आलं नाही. पुढे वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो, तेव्हा या मजबुतीचा अर्थ कळला. तालमीत मेहनत घेणाऱ्याचा स्नायू वाढतो तो कामानंतर विसावा मिळतो म्हणून, आणि त्याच्याबरोबर स्नायूला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही वाढतात. दाबाखाली वाढलेल्या हृदयात तसं होत नाही. स्नायूचे धागे जाड होतात, त्यांच्यामध्ये चिवट, निबर तंतू साचतात, पण रक्तवाहिन्या त्या मानानं वाढत नाहीत. भिंत आतल्या बाजूनं जाड होते, कप्पा अरुंद होतो, आणि मुख्य म्हणजे ती सैल पडेनाशी होते.

सैल पडण्याचं महत्त्व आपल्या लक्षात येत नाही. हृदय रक्त ढकलतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ढकलायला आधी ते भरावं लागतं. भिंत ताठ झाली की कप्पा सहज भरत नाही. मग वरचा कप्पा, म्हणजे डावी कर्णिका, जोर करून रक्त खाली उतरवू पाहते आणि स्वतः ताणून मोठी होते. तिच्यामागे फुप्फुसं असतात, तिथे रक्त तुंबू लागतं. गुहागरच्या व्याडेश्वराच्या देवळापासून घरापर्यंत चालत आलं तरी धाप लागते. रात्री सपाट झोपवत नाही, दोन उशा लागतात. संध्याकाळी पायांवर चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटतो. घरचे म्हणतात, आता वय झालं. पुष्कळदा ते वय नसतं, दहा-पंधरा वर्षं दुर्लक्षिलेलं प्रेशर असतं. हृदयाचा जोर ठीक आणि तरीही हृदय निकामी, ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते, पण अशा रुग्णांत ती नेहमी दिसते. पुढे काहींचा स्नायू दमतो, कप्पा पसरतो आणि ढकलण्याचा जोरही जातो. ताणलेल्या कर्णिकेची लय बिघडते, ती नुसती थरथरत राहते. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं आणि ती गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात.

महाधमनीचं दुखणं वेगळ्या वाटेनं येतं. तिच्या भिंतीतला लवचीक तंतू शरीर बहुतेक सगळा बालपणात बनवतं. तो अतिशय टिकाऊ असतो, अनेक दशकं पुरतो, पण एकदा तुटला की तसाच नवा बनत नाही. त्याची जागा ताठ तंतू घेतात. वयानं हे सगळ्यांचंच होतं. दाब जास्त असला की लवकर होतं, कारण प्रत्येक ठोक्याला भिंत जास्त ताणली जाते. मच्छीमाराच्या दोरखंडाचा पीळ जसा आधी आतून सुटतो आणि बाहेरून दोर धडधाकट दिसत राहतो, तसं.

डोण ताठ झाली की धक्का पाटात जातो. तरुण महाधमनीत नाडीची लाट सेकंदाला पाच-सहा मीटर वेगानं धावते, ताठ झालेल्या महाधमनीत दहा मीटरच्याही पुढे. ही लाट धमन्यांच्या फाट्यांवर आपटून परत फिरते. गुहागरच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की परतणारी लाट आणि येणारी लाट यांची गाठ पडताना पाणी कसं उसळतं ते दिसतं. लाटेचा वेग कमी असतो तेव्हा परतणारी लाट हृदयाच्या विसाव्यात पोचते आणि उपयोगीच पडते. वेग वाढला की ती हृदय ढकलत असतानाच समोरून येऊन भिडते. वरचा आकडा चढतो. विसाव्यात पुढे रेटायला भिंतीत लवचीकपणा उरलेला नसतो, म्हणून खालचा आकडा उतरतो. वयस्कर माणसांचं १७०/७० असं प्रेशर येतं ते यामुळे. "खालचं बरोबर आहे, वरचं वयामुळे आहे" असं म्हणून ते सोडून देणं धोक्याचं आहे. दोन आकड्यांमधलं ते शंभराचं अंतर म्हणजे ताठ झालेली महाधमनीच आहे.

इथे हृदयाची आणि महाधमनीची दुखणी एकमेकांत गुंततात. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गाठ. शरीरातल्या बाकी अवयवांना रक्त हृदय आकुंचन पावतानाही मिळतं आणि विसावतानाही. डाव्या जवनिकेच्या स्वतःच्या स्नायूला मात्र बहुतेक रक्त मिळतं ते तिच्या विसाव्यात, कारण आकुंचनाच्या वेळी तिच्या भिंतीतल्या वाहिन्या पिळल्या जातात. म्हणजे ज्या क्षणी खालच्या आकड्याची गरज असते, त्याच क्षणी ताठ महाधमनी तो पुरवू शकत नाही. स्नायू जाड झालेला, त्याची भूक वाढलेली, आणि ताटात पडतं ते कमी. त्यात भर म्हणजे दाबाच्या माऱ्यानं धमन्यांचं आतलं नाजूक अस्तर खरवडलं जातं. तिथे कोलेस्टेरॉल शिरतं, सूज येते, चरबीचे थर चढतात. एखादा थर फुटला की त्यावर रक्त गोठतं आणि हृदयविकाराचा झटका येतो. तंबाखू आणि मधुमेह हेच अस्तर दुसऱ्या बाजूनं पोखरत असतात. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायकांना आपण तंबाखू घेतो असं वाटतच नाही, पण हिरड्यांतून निकोटीन रक्तात उतरतं ते उतरतंच.

महाधमनीची भिंत कधी कधी फुगवट्यासारखी बाहेर येते. पोटातली महाधमनी साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. ती तीनवर गेली की फुगवटा धरतात आणि पुरुषांत साडेपाचच्या घरात गेली की शस्त्रक्रियेचा विचार करतात. त्याहून भयंकर म्हणजे भिंत चिरणं. आतल्या अस्तराला चीर पडते, रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसतं आणि थर एकमेकांपासून सुटत जातात. यामागचं सर्वांत मोठं कारण उच्च रक्तदाब हेच आहे. छातीत किंवा दोन्ही खवाट्यांच्या मध्ये अचानक, पहिल्याच क्षणी टोकाला पोचलेली, काहीतरी टरकत गेल्यासारखी कळ येते. चीर हृदयाजवळच्या भागात असेल तर उपचाराशिवाय पहिल्या दोन दिवसांत दर तासाला एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात. ही कळ झटक्याची समजून गुठळी विरघळवणारं औषध दिलं गेलं तर घात होतो. म्हणून डॉक्टर दोन्ही हातांचं प्रेशर घेतात, नाडी तपासतात, स्कॅन करायला सांगतात. त्यांना अडवू नका, घाई करू नका असंही म्हणू नका. गुहागरहून चिपळूण पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि अशी शस्त्रक्रिया होते ती त्याहून दूरच्या शहरांत. "गॅस असेल, सोडा पिऊन बघ" यात घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही. अशा वेळी १०८ला फोन करावा.

मेंदू, मूत्रपिंडं आणि डोळे यांचंही नुकसान याच दाबानं होतं. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

उच्च रक्तदाबाला औषधच नव्हतं तो काळ फार जुना नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च १९४४मध्ये हृदयतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा प्रेशर १८६/१०८ होतं, हृदय मोठं झालेलं होतं आणि ते निकामी होऊ लागलं होतं. जगातल्या सर्वांत शक्तिमान माणसाला डॉक्टर देऊ शकले ते विश्रांती, कमी मीठ, डिजिटालिस हे हृदयाचं औषध आणि झोपेच्या औषधासारखं काहीतरी. १२ एप्रिल १९४५ला त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. त्या वेळी मोजलेलं प्रेशर ३००/१९० होतं.

पुढच्या चारच वर्षांत या कोंडीतून एक वाट निघाली आणि ती आपल्या मुंबईतून निघाली, याचा मला फार अभिमान वाटतो. डॉ. रुस्तम जाल वकील हे केईएम रुग्णालयात काम केलेले हृदयतज्ज्ञ. सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो, असं भारतीय संशोधकांनी १९३१ सालीच मांडलं होतं. वकिलांनी ती रुग्णांना देऊन शिस्तीत मोजमापं केली आणि १९४९मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. जगानं त्याची दखल घेतली. १९५२मध्ये त्या मुळीतून रेसर्पीन वेगळं काढण्यात आलं आणि ते औषध म्हणून जगभर गेलं. वकिलांना १९५७मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी पद्मभूषण. सर्पगंधा पश्चिम घाटाच्या जंगलांत उगवते, आपल्या कोकणातही. पण म्हणून कुणी मुळी उगाळून घेऊ नये. रेसर्पीननं काही रुग्णांना खोल नैराश्य यायचं, त्यामुळे ते मागे पडलं. त्याहून निर्धोक आणि स्वस्त गोळ्या आज सरकारी दवाखान्यात मिळतात.

गोळ्यांनी काय होतं याचे आकडे मोठ्या अभ्यासांतून हाती आलेले आहेत. वरचं प्रेशर दहानं खाली आणलं तर पक्षाघाताचं प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचं २८ टक्क्यांनी कमी होतं. जाड झालेली जवनिका पुन्हा काही अंशी पातळ होते. माझ्या वडिलांची झाली. पण त्याआधी त्यांनी केलेली चूक आपल्याकडे घरोघर होते. तीन महिने गोळी घेतली, प्रेशर १३०वर आलं, मग "आता नॉर्मल आहे" म्हणून गोळी बंद. पंप बंद केला की पाट कोरडा पडतो, तसंच गोळी बंद केली की प्रेशर वर जातं. आलेला आकडा गोळीमुळे आलेला असतो. त्यांना दीड-दोन वर्षं काहीही त्रास झाला नाही, आणि तेवढ्यात भिंत जाड होत गेली. डोकं दुखलं तरच प्रेशर वाढलं, असं मानणं चुकीचं आहे. बहुतेकांचं मुळीच दुखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता आणि त्यांतल्या ४६ टक्के लोकांना तो आहे हे माहीतच नव्हतं.

मोजण्यातही आपण चुकतो. आमच्या घरी यंत्र आणलं तेव्हा आई ओटीवरच्या झोपाळ्यावर बसली होती, पाय अधांतरी, तोंडानं शेजारणीशी बोलणं चालू, नुकताच चहा झालेला. १५८ आलं. पाच मिनिटांनी तिला खुर्चीत बसवलं, पाठ टेकवली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत, बोलणं बंद. १४२ आलं. आधी लघवीला जाऊन यावं, अर्धा तास चहा, तंबाखू घेऊ नये, पट्टा सदऱ्याच्या बाहीवर नव्हे, उघड्या दंडावर बांधावा आणि दोनदा मोजावं. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त वारंवार येत असेल तर डॉक्टरांकडे जावं.

राहता राहिलं मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पावसाळ्याच्या बेगमीवर वाढलेल्या आपल्या कोकणी ताटात ते सहज ओलांडलं जातं. खारातल्या कैऱ्या, लोणचं, पापड, सांडगी मिरची, मीठ घातलेलं आगळ, खारा बांगडा. हे पदार्थ टाकून द्या असं मी म्हणणार नाही, ते आपलं खाणं आहे. पण एका जेवणात यातला एकच पदार्थ असावा, खारा बांगडा रांधण्यापूर्वी भिजवून पाणी ओतून टाकावं, सोलकढीला आगळ वापरलं असेल तर वरून मीठ घालू नये, आणि ताटाच्या डाव्या बाजूला मीठ वाढण्याची चाल बंद करावी. उन्हात नुसता वाळवलेला जवळा आणि मीठ लावून वाळवलेला मासा यांत फरक आहे, तो बाजारात विचारून घ्यावा. प्रेशर उतरवायला मदत करणारं पोटॅशियम आयतं शहाळं मिळणाऱ्या गावात विकत आणायला नको, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळ्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं.

गणपतीत घर भरतं. मुंबईहून चाकरमानी येतात. तिशी-चाळिशीतले हे मुलगे आणि सुना स्वतःचं प्रेशर कधी मोजत नाहीत. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांतून मोजण्याचा आणि गोळ्या देण्याचा पद्धतशीर कार्यक्रम चालवून दाखवलेला आहे. आपण घरापासून सुरुवात करू. या वर्षी आरतीनंतर, प्रसाद वाटण्याआधी, एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, यंत्र काढा आणि तिशीपुढच्या प्रत्येकाला बसवा. आकडे एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. ज्यांचे जास्त येतील त्यांना परतीची गाडी पकडण्याआधी दवाखान्यात घेऊन जा.